सकाळचे पाय

आमच्या घरातली मोठी सून मी. माहेर सेलूचं, शिक्षण नववीपर्यंत. त्यामुळे वालूरला सासरी आल्यापासून पत्रं वाचणं, औषधाच्या पुड्यांवर कुणाची कोणती ते लिहून ठेवणं, बाजाराची यादी करणं ही कामं माझ्याकडे आली. सासूबाई वारल्या तेव्हा किल्ल्याही माझ्याकडे आल्या. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं जे झालं ते कुणी माझ्याकडून करवून घेतलं असं म्हणायला मला जागा नाही. घरात माझ्या शब्दाला वजन होतं आणि ते मी वापरलं.

माझी जाऊ, म्हणजे धाकट्या दिराची बायको, घरात आली ती मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या पहिल्या धामधुमीनंतरच्या उन्हाळ्यात. आदल्या पावसाळ्यात आमच्या भागातल्या कितीतरी गावांत वस्त्या जळल्या होत्या, माणसं अंगावरच्या कपड्यानिशी गाव सोडून गेली होती. आमच्या घरात त्याबद्दल कुणी फारसं बोललं नाही. लग्नाची तिथी तेवढी पुढं ढकलली.

धाकटी चारठाण्याची. पोरीच्या पायाला भिंगरी हाय, सांभाळून घ्या, असं तिचे वडील पाठवणीच्या वेळी म्हणाले होते. आणि खरंच तशीच होती ती. आम्ही शेताला निघालो की तिचं पहिलं काकरं, म्हणजे पिकाची ओळ, माझ्या आधी संपलेलं असायचं. विहिरीवरून दोन घागरी डोक्यावर आणि एक कमरेवर घेऊन यायची, पुन्हा माझ्या लेकीला काखेत मारून अंगणात फिरवायची. मला बहीण नव्हती. पहिलं वर्षभर मला वाटायचं, देवानं उशिरा का होईना दिली.

पहिल्या बाळंतपणाला ती माहेरी गेली आणि तीन महिन्यांची मुलगी घेऊन परत आली. मुलगी पाचेक महिन्यांची झाली असेल तेव्हाची गोष्ट. सकाळी मी चुलीपाशी होते. धार काढून झाली होती, दूध तापायला ठेवलं होतं, आणि ही खोलीतून बाहेर येईना. आली तेव्हा एक हात भिंतीला. ज्वारी काढल्यावर रानात जी धसकटं राहतात, त्यांच्यातून अनवाणी चालावं तशी पावलं टाकत होती. टाच टेकवायची, बोटं वर उचलायची.

काय झालं म्हणून विचारलं तर म्हणाली, "अक्का, तळव्याखाली खडे टोचायलेत."

मी खाली बघितलं. आदल्याच दिवशी सारवलेली जमीन होती. खडा कुठंच नव्हता. मी हसले, तीही हसली. ओली बाळंतीण आहे, वारं लागलं असेल, असं म्हणून मी तिला शेकायला वीट गरम करून दिली.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. आठ-पंधरा दिवसांनी ते रोजचंच झालं. आता बाईच्या कामाचा पाऊण हिस्सा सकाळीच असतो. शेण, पाणी, चहा, रानात जाणाऱ्यांच्या भाकरी, पोरांची शाळा. हे सगळं मी एकटीनं उरकायचं आणि धाकटी भिंत धरून उभी. त्याचं मला काही वाटलं नसतं, दुखणं कुणाला सुटलंय. पण ऊन चढलं की तिचे पाय मोकळे व्हायचे. दहा-अकराच्या सुमाराला ती बरी चालू लागायची आणि दुपारी माझ्याबरोबर कापूस वेचायला यायची. पूर्वीसारखी पुढं पळायची नाही, पण यायची. मग माझ्या मनात प्रश्न उभा राहायचा. खरंच दुखत असेल तर दिवसभर राबल्यावर जास्त दुखायला पाहिजे. रात्रभर झोपून उठलेल्या माणसाचे पाय दुखतात आणि दुपारी उन्हात कमरेत वाकून कापूस वेचताना दुखत नाहीत, हे कसलं दुखणं?

हा प्रश्न मी मनात ठेवला नाही. शेजारणींना सांगितला. त्यांनाही तो पटला. हळूहळू गल्लीत तो असा झाला की धाकटीचे पाय घड्याळ बघून दुखतात. हे वाक्य मीच पहिल्यांदा म्हटलं होतं की दुसऱ्या कुणी, आता आठवत नाही. मीच म्हटलं असणार.

एका सकाळी ती पुन्हा खड्यांचं बोलली. त्या दिवशी माझा मोठा मुलगा तापानं फणफणला होता, घरात पाहुणे होते आणि मी पहाटेपासून उभी होते. मी झाडू उचलला, तिच्या हातात दिला आणि म्हणाले, "खडे असतील तर झाडून काढ."

पाहुण्यांसमोर म्हणाले. तिनं झाडू घेतला आणि खरोखरच झाडू लागली. उंबऱ्यापासून चुलीपर्यंत सगळी जमीन झाडली. त्यानंतर खड्यांची गोष्ट ती माझ्यासमोर कधी बोलली नाही.

पुढच्या सुगीत तिनं पायातली जोडवी काढली. चांदीची जोडवी, आमच्या घरची, लग्नात सासूच्या जागी मी घातलेली. सवाशीण बाईनं मोकळी बोटं घेऊन घरात फिरणं मला सहन होईना. मी विचारलं तर म्हणाली, बोटं जाड झालीत, रुततात. बोट दाखवायला तिनं पाय पुढं केला. मी तिच्या पायाकडे नीट बघितलंसुद्धा नाही. सोनाराकडून सैल करून घेता येतात, काढायची कशाला, असं म्हणून मी भांडले. ती रात्री जेवली नाही.

तिचा पाय पहिल्यांदा नीट बघितला तो घरातल्या कुणी नाही. आमच्याकडे कापूस वेचायला बौद्धवाड्यातली एक बाई यायची, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठी. एका दुपारी आम्ही बांधावर भाकरी खायला बसलो होतो. त्या बाईनं आपली भाकरी खाली ठेवली, धाकटीचा घोटा दोन्ही हातांनी धरला आणि तसाच थोडा वेळ धरून ठेवला. मग मला म्हणाली, "बाई, ह्यो पाय ऊन लागायलाय. माझ्या थोरल्या बहिणीला असंच व्हतं. ह्यो सांध्याचा रोग हाय, आळस न्हाई. परभणीला मोठ्या दवाखान्यात न्या हिला. उशीर केला तर बोटं वाकडी होत्यात."

इतकं स्पष्ट तिनं सांगितलं. रोगाचं नाव सोडलं तर पुढं डॉक्टरांनी जे सांगितलं ते सगळं त्यात होतं. आणि मी काय केलं? तिला विचारलंसुद्धा नाही की तुझ्या बहिणीचं पुढं काय झालं. उन्हात बसल्यावर कुणाचाही पाय ऊन लागणारच, असं म्हणून पदर झटकून उठले. मनात आलं, आता मजुरीला येणाऱ्या बाईनं मला शिकवायचं राहिलं होतं. दुसऱ्या कुणी, म्हणजे आमच्यातल्याच एखाद्या पोक्त बाईनं, हेच सांगितलं असतं तर मी ऐकलं असतं का? बहुतेक ऐकलं असतं. हे लिहायला मला लाज वाटते, पण खरं ते खरं.

भावजी, म्हणजे तिचा नवरा, गरीब स्वभावाचा. बायकोला दवाखान्यात न्यायचं तर आधी भावाला विचारायचं, आणि भाऊ मला विचारणार. एकदा त्यानं चुलीपाशी येऊन विषय काढला होता. मी म्हणाले, दवाखान्याआधी घरचा इलाज करून बघू.

घरचा इलाज म्हणजे बिब्बा. आमच्याकडे सांधा धरला की बिब्बा घालतात. बिब्बा सुईला टोचून दिव्यावर धरला की त्याचं काळं तेल सुटतं. त्या तेलाचे ठिपके दुखऱ्या जागेभोवती द्यायचे. गल्लीत एक म्हातारी बाई हे काम करायची. ती आली, धाकटीला पाटावर बसवलं आणि मला म्हणाली, पाय घट्ट धर, हलवू देऊ नको. मी धरले. दोन्ही घोट्यांभोवती आणि बोटांच्या पेरांवर तिनं ठिपके दिले. धाकटीनं पदर तोंडात धरला होता. मी तिचे पाय दाबून धरले होते आणि माझ्या मनात काय चाललं होतं ते मला आजही लख्ख आठवतं. मी मनात म्हणत होते, आता कळेल. बहाणा असेल तर उद्या सकाळी आपोआप उठेल.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती उठली. माझ्या आधी उठली. मी अंगणात आले तेव्हा रांजण भरलेला होता. मी शेजारणीला हसून सांगितलं.

चार दिवसांनी बिब्बा उतला. दोन्ही पावलांवर फोड आले, फुटले, चिघळले. पंधरा दिवस ती अंथरुणाला खिळून होती. जखमा भरल्या, पण घोट्यांवर काळे डाग कायमचे राहिले. त्यानंतर थोड्याच दिवसांत तिला दुसऱ्यांदा दिवस गेले आणि नवल म्हणजे तिचे पाय खरोखरच मोकळे झाले. सात-आठ महिने ती आधीसारखी चालत होती. मी सगळ्यांना सांगत सुटले की बिब्बा लागू पडला. चार घरच्या बायकांना मी म्हातारीकडे पाठवलं.

मुलगा झाला. त्यानंतर पायांचं काही ऐकू आलं नाही. धाकटी सकाळी माझ्या बरोबरीनं, बऱ्याचदा माझ्या आधी, कामाला लागलेली असायची. थोडी लंगडायची. पावलं रुंद झाली होती, अंगठा आत वळला होता. पण तक्रार नव्हती, आणि जिथं तक्रार नाही तिथं दुखणं नाही, असा माझा हिशेब. आमचं पुन्हा जमलं होतं. मला वाटायचं, मी वेळेवर कडक झाले म्हणून संसार रुळावर आला. अशी तीन वर्षं गेली.

मग माझाच पाय मुरगळला. शेतातून येताना पाटाच्या कडेला घसरले आणि घोटा सुजून टम्म झाला. माझ्या एका हाकेवर सगळं घर गोळा झालं. बैलगाडीत गादी टाकली, माझ्या पायाखाली उशी दिली, आणि सेलूला डॉक्टरांकडे नेलं. मला धरायला कुणीतरी बाई माणूस पाहिजे म्हणून धाकटीला बरोबर घेतलं. दवाखान्याच्या पायऱ्या मी तिच्या खांद्यावर भार टाकून चढले.

डॉक्टर वयस्कर होते. त्यांनी माझा घोटा दाबून बघितला, हाड मोडलेलं नाही म्हणाले, पट्टी बांधली. पाच मिनिटांत माझं काम झालं. मी बाकावरून उठायला लागले तर ते माझ्याकडे बघतच नव्हते. दाराशी उभ्या असलेल्या धाकटीच्या पायांकडे बघत होते. त्यांनी तिला आत बोलावलं, माझ्या शेजारी बसवलं, चप्पल काढायला सांगितली. बोटांची पेरं एकेक करून दाबली. घोट्याला हात लावला. मनगटंही बघितली. मग विचारलं, "सकाळी उठल्यावर पाय आखडलेले असतात का? आणि मोकळे व्हायला किती वेळ लागतो?"

त्यांचा पहिला प्रश्न हा होता. दुखतं का, सूज कधीपासून, हे सगळं नंतर. पहिला प्रश्न सकाळचा.

धाकटीनं आधी माझ्याकडे बघितलं. मग खाली बघून म्हणाली, "दोन घंटे लागतात. थंडीत जास्त बी. म्हणून मी चारच्या आधीच उठते."

डॉक्टरांनी विचारलं, इतक्या लवकर उठून काय करता?

"खाटंवर बसून पाय सोडवते. बोटं चोळते, कोमट पाण्यात ठेवते. अक्का उठायच्या आत चालता यायला पाहिजे ना."

तिनं हे तक्रार म्हणून सांगितलं नव्हतं. औषध किती वेळा घेता या प्रश्नाला द्यावं तसं उत्तर दिलं. माझे हे दाराशी उभे होते, त्यांनी मान फिरवली. मी बाकावर बसले होते आणि माझा पट्टी बांधलेला पाय पुढं स्टुलावर ठेवलेला होता. तो मला कुठं लपवावा असं झालं.

डॉक्टरांनी परभणीच्या मोठ्या दवाखान्याला चिठ्ठी दिली. आठ दिवसांनी आम्ही सेलूवरून रेल्वेनं परभणीला गेलो. भावजी, धाकटी आणि मी. मला यायची गरज नव्हती, माझा पाय अजून दुखत होता, पण मी हट्टानं गेले. तिथं रक्त तपासलं, पायांचे फोटो काढले. तिथले डॉक्टर तरुण होते. त्यांनी फोटो खिडकीच्या उजेडात धरून आम्हाला दाखवला. बोटांच्या बुडाशी हाडांच्या कडा कुरतडल्यासारख्या दिसत होत्या. घोट्यातली फट एका बाजूनं जवळजवळ बुजलेली होती.

त्यांनी शांतपणे समजावून सांगितलं. दोन तऱ्हेचे संधिवात आहेत. एक झिजेचा, म्हाताऱ्या माणसांना होतो. तो दिवसभर चालल्यावर संध्याकाळी दुखतो आणि बसलं की थांबतो. हा तसला नाही. हा तरुण बायकांनाही होतो, पुष्कळदा बाळंतपणानंतर सुरू होतो. शरीर आपल्याच सांध्यांवर उलटतं. यात विश्रांतीनं सांधे आखडतात आणि हालचालीनं सुटतात. म्हणून सकाळी सगळ्यात जास्त त्रास, दुपारी कमी. तळव्याखाली खडे आल्यासारखं वाटणं हीसुद्धा ह्याचीच खूण, बोटांच्या बुडाचे सांधे सुजले की तसंच वाटतं. गरोदरपणात तो बऱ्याचदा दबतो आणि नंतर उसळी मारतो.

मी एकेक शब्द ऐकत होते. तिच्याविरुद्ध मी जमवलेला एकेक पुरावा डॉक्टर उचलत होते आणि रोगाच्या खात्यात टाकत होते. शेवटी ते म्हणाले, पहिल्या दोन वर्षांत आला असतात तर हाडं वाचली असती. आता जे गेलं ते गेलं, राहिलंय ते सांभाळू. घोट्यांवरचे काळे डाग बघून त्यांनी हे काय म्हणून विचारलं. भावजी बिब्ब्याचं बोलला. डॉक्टरांनी ते कागदावर लिहून घेतलं. पाय कुणी धरले होते हे त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

औषधं सुरू झाली. सुजेच्या गोळ्या, पोटात अन्न असल्याशिवाय घ्यायच्या नाहीत. दुसऱ्या गोळ्या हिवतापाच्या, पण ह्या रोगालाही चालणाऱ्या. त्यांचा गुण यायला दोन-तीन महिने लागतील, मध्ये सोडू नका, आणि सहा महिन्यांनी डोळे तपासून घ्या, असं बजावलं. सकाळी कोमट पाण्यात पाय ठेवायचे आणि बोटं, घोटे हळूहळू फिरवायचे. सांधा सुजून गरम असेल त्या दिवशी विश्रांती, सूज उतरली की हालचाल. उकिडवं बसायचं नाही. अनवाणी चालायचं नाही, घरातसुद्धा नाही. पायात पुढून रुंद आणि मऊ तळाचे बूट घालायचे. ही सगळी यादी मी वहीत लिहून घेतली. अक्षर अगदी सुवाच्य काढलं.

भावजीनं सेलूच्या बाजारातून पुरुषी कॅनव्हासचे बूट आणले आणि बोटं दुखू नयेत म्हणून पुढून कापून मोकळे केले. वालूरच्या रस्त्यानं नऊवारी नेसलेली बाई कॅनव्हासचे बूट घालून निघाली की काय होणार? बायका तोंडाला पदर लावायच्या. पोरं मागं यायची. मी हसले नाही. पण हसणाऱ्यांना गप्पही बसवलं नाही. ज्या तोंडानं मी वर्षानुवर्षं तिचं दुखणं खोटं ठरवलं होतं त्या तोंडानं आता ते खरं आहे असं गल्लीभर सांगायला पाहिजे होतं. ते मी एकदाही सांगितलं नाही. उलट तिच्याबरोबर बाजाराला जाताना दोन पावलं मागं राहायची. ती हळू चालायची, त्यामुळे मागं राहणं मला मुद्दाम करावं लागायचं.

चार महिन्यांनी गुण आला. सकाळचे दोन तास अर्ध्यावर आले. घोट्यांची सूज उतरली, वाकलेली बोटं मात्र वाकलेलीच राहिली. मी आता सकाळी तिला उठू देत नसे. पाणी तापवून खाटेपाशी नेऊन ठेवायची. ती म्हणायची, "अक्का, ऱ्हाऊ द्या, जमतंय मला." मी ठेवून यायची. बोलणं तेवढंच.

आणि तरीही माझ्या हातून आणखी एक चूक झाली. त्या वर्षी नामांतरावरून पुन्हा जोरात आंदोलन चाललं होतं. आठ-दहा दिवस एसटीच्या गाड्या बंद होत्या. परभणीहून गोळ्या आणायची तारीख नेमकी त्यात आली. ऐन कापूस वेचणीचे दिवस, घरातले सगळे रानात. धाकटी एकदा म्हणाली की गोळ्या संपायला आल्यात. मी म्हणाले, गाड्या सुरू झाल्या की जाऊ. गाड्या सुरू झाल्या, पण वेचणी संपली नव्हती. दीड महिना ती बिनगोळ्यांची राहिली. डॉक्टरांनी मध्ये सोडू नका म्हणून बजावलेलं माझ्याच वहीत माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं. ह्या वेळी दुखणं असं उसळलं की डाव्या घोट्याची हालचाल जवळजवळ थांबली. ती हालचाल पुन्हा आली नाही.

गाड्या बंद होत्या, काय करणार, असं मी पुढं कित्येक वर्षं सांगत आले. ते खरं नाही. सेलूपर्यंत बैलगाडीनं जाता येत होतं. माझा पाय मुरगळला तेव्हा गेलोच होतो की. सेलूत उतरून रेल्वे पकडता आली असती, रेल्वे चालू होती. नाही काही तर सेलूच्या डॉक्टरांकडून गोळ्या लिहून आणता आल्या असत्या. आंदोलनाच्या माणसांनी आम्हाला अडवलं नव्हतं. मला कापूस अडवत होता.

त्यानंतर वर्षभरात भावजीनं वेगळं निघायचं ठरवलं. भांडण झालं नाही. सेलूला एका जिनिंगमध्ये त्याला कापूस तोलायच्या काट्यावर काम मिळालं होतं. दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. नळ घरात, स्वयंपाकाला उभ्याचा ओटा, दवाखाना जवळ, स्टेशन जवळ. यांना वाईट वाटलं, घर फुटलं म्हणाले. मला कळत होतं की हा निर्णय चांगला आहे, आणि माझ्या हातचं घर सोडल्यावरच तो चांगला होणार आहे हेही कळत होतं. ती गेल्यावर रोज सकाळी मी सवयीनं पाण्याचं पातेलं चुलीवर चढवायची आणि मग उतरवून ठेवायची.

सेलूला तिचे पाय सुधारले. पूर्ण बरे झाले असं नाही, डाव्या घोट्यामुळं काठी कायमची आली. पण गोळ्या वेळेवर, तपासणी वेळेवर, अन् पहाटे चारला उठायचं कारण राहिलं नव्हतं. तिथं शेजारीपाजारी सगळे तिला बूट घातलेलीच बघत आले, त्यामुळं कुणी हसायचं नाही. मी माहेरी गेले की तिच्याकडे जायचीच.

विद्यापीठाचा नामविस्तार झाला त्या हिवाळ्यात मी अशीच गेले होते. गावात ठिकठिकाणी पोलीस उभे होते, माणसं हळू आवाजात बोलत होती. धाकटीचा नवरा कामावर, मुलं शाळेत. ती ओट्यापाशी उंच स्टुलावर बसून चहा करत होती. आम्ही इकडचं तिकडचं बोललो. मग मीच विषय काढला. पण काढला तो असा वाकडा, की तेव्हा फार दुखायचं का गं तुझं, एवढंच विचारलं.

तिनं चहा गाळला, कप माझ्यापुढं सरकवला आणि जरा विचार करून बोलली. "दुखायचं तर लय. पण दुखण्याचं काय न्हाई अक्का, त्याची सवय होती. तुमी सगळे म्हणायचे ना बहाणा हाय म्हणून, तर मला बी तसंच वाटाया लागलं होतं. खाटंवर बसून मी स्वतःलाच म्हणायची, ऊठ, तुला काय झालंय, तुझ्या अंगात आळसच हाय. लेकरं पोटी आल्यावर मी बिघडले, असं वाटायचं. डॉक्टरनं रोगाचं नाव सांगितलं तवा मला रडू आलं होतं, तुमाला आठवतंय? तुमाला वाटलं भ्याली. मी भ्याले न्हवते. मी खोटी न्हाई हे कळलं म्हणून रडले."

मला आठवत होतं. परभणीच्या दवाखान्याच्या ओट्यावर मी तिची समजूत घातली होती, घाबरू नको म्हणून.

त्या दिवशी मी तिला सांगायला पाहिजे होतं की चुकलं माझं. दोन शब्द. चहा निवला, मी दुसऱ्यांदा गरम करून घेतला, तोही प्याले. पण मोठ्या जावेनं धाकटीला असं म्हणण्याची रीत आमच्या घरात नव्हती आणि रीत नसली की तोंड उघडत नाही. मी तिच्या मुलीच्या अभ्यासाचं विचारलं.

नको म्हणत असतानाही ती मला स्टँडपर्यंत सोडायला आली. एरवी पाच मिनिटांचा रस्ता, आम्हाला वीस लागले. ह्या वेळी मी तिच्या बरोबरीनं चालले. गाडी लागलेलीच होती. मी खिडकीपाशी बसले, ती खाली काठी टेकून उभी राहिली. ड्रायव्हरनं गाडी सुरू केली तेव्हा मी खिडकीतून वाकून म्हणाले, "चुकलं माझं." इंजिनाच्या घरघरीत तिला ऐकू गेलं नाही. मी काही विसरले असं तिला वाटलं आणि ती मागं वळून आम्ही आलो त्या वाटेकडे बघू लागली. मी हातानंच खूण केली की काही नाही, जा घरी.

त्यानंतर आमची कितीतरी वेळा भेट झाली. तिच्या मुलीच्या लग्नात आम्ही आठ दिवस एका खोलीत झोपलो. सकाळी ती उठायच्या आत मी तिच्या अंथरुणापाशी कोमट पाणी ठेवत होते आणि ती ते पाणी घेत होती. तो विषय मात्र मी पुन्हा काढला नाही, आणि तिनंही.